अर्धी डोली

माझा बाप शिपाई नव्हता. हे वाक्य मी लहानपणी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की पुढे पुढे कोणी विचारायच्या आत मीच ते सांगून मोकळी व्हायची. पहिल्या मोठ्या लढाईत तो बसऱ्याकडे जाऊन आला होता, तिथल्या चिखलात आणि उन्हात दोन वर्षं राहिला होता, पण बंदूक त्याच्या हातात कधी आली नाही. तो डोलीवाला होता. कापडी डोलीचं एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या, मध्ये जखमी शिपाई, आणि त्याला मैदानातून तंबूपर्यंत आणायचं, एवढं त्याचं काम. गोंदियाच्या आमच्या ख्रिस्ती मोहल्ल्यात मात्र लढाई म्हणजे बंदूक, आणि बंदूक म्हणजे हवालदार.

हवालदाराबद्दल आधीच सांगून टाकते. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, पलटणीतून पेन्शनीवर आलेला, छातीवर तीन चांदीचे बिल्ले. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं हुकूम. माझ्या बापाला, म्हणजे बाला, हाही एक बिल्ला मिळाला होता, पण काशाचा. शिपायांना चांदीचा आणि बिगारी, डोलीवाले यांना काशाचा, असा सरकारचा न्याय होता. आईने तो तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला होता. तांदूळ संपत आले की बिल्ल्यावरचं राजाचं तोंड दिसायचं, आणि मग आई म्हणायची, "आला बाई तुमचा सायेब वर, आता बाजाराले जा."

आमचं देऊळ रेल्वे लाइनीच्या पलीकडे होतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. कौलारू छत, मातीच्या भिंती, दारात एक घंटा. मंडळीतली निम्मी माणसं रेल्वेतली आणि निम्मी माझ्या बासारखी, दुष्काळात आईबाप गेल्यावर मिशनने वाढवलेली. बा मिशनच्या दवाखान्यात रोगी उचलायचं काम करायचा, रविवारी घंटा वाजवायचा आणि उपासनेला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. पहिला बाक पेन्शनीवाल्यांचा होता. त्यावर बसायची दुसऱ्या कोणाची प्राज्ञा नव्हती, पाहुण्या मडमेचीही नव्हती.

नोव्हेंबरात हलकं धान कापून झालं, की आमच्याकडे सलामीचा रविवार यायचा. लढाईत गेलेल्यांची आठवण आणि नव्या पिकाचं अर्पण, दोन्ही आमच्या मंडळीने एकाच दिवसावर आणून ठेवलं होतं. त्या दिवशी फौजी लोकांची यादी वाचली जायची. ज्याचं नाव वाचलं तो जिवंत असेल तर "हाजिर" म्हणून उठायचा, नव्या धानाची पेंढी घेऊन पावलाला पाऊल जुळवत समोर जायचा आणि पेंढी मेजाशी ठेवायचा. जो लढाईत मेला त्याच्या घरचं कोणीतरी त्याच्या वतीने "हाजिर" म्हणायचं. एका विधवेला मी लहानपणी ते म्हणताना ऐकलं होतं. एवढुशी बाई, पण आवाज असा आला की बाहेरची कुत्री गप्प झाली.

हवालदार पहिल्या बाकाशी उभा राहून हळू आवाजात ताल द्यायचा, लेफ्ट राइट, लेफ्ट राइट, आणि सगळे बूट एकदम वाजायचे. आम्हा पोरींना ते फार आवडायचं. बा मात्र दाराशी उभा राहून जमिनीकडे बघत असायचा.

त्याचं चालणंच वेगळं होतं. आई चिडवायची, "लगन झालं तवापासून या मानसाचा पाय माह्या पायासंग एकदाही जुळला नाही." ते खरंच होतं, पण त्यात बाचा दोष नव्हता, त्याची विद्या होती. डोली उचलणाऱ्या दोघांनी पाऊल जुळवून चालायचंच नसतं. पुढच्याने डावा टाकला की मागच्याने उजवा टाकायचा. पावलं जुळली की डोली झोके घेते, आणि मोडक्या हाडाचा माणूस त्या झोक्यात ओरडतो. पावलं तोडून चाललं की डोली पाण्यावरच्या नावेगत सरळ जाते.

मंडळीतल्या तरण्या पोरांना तो ही विद्या शिकवायचा. खाटेवर पाण्याने काठोकाठ भरलेला गंज ठेवायचा आणि देवळाभोवती चक्कर मारायला लावायचा. पाणी सांडलं की पुन्हा चक्कर. आमच्या मोहल्ल्यात कोणी आजारी पडो, बाळंतीण अडो की मयत होवो, पहिली हाक बाला जायची. त्याच्या खाटेवरून गेलेला मुडदाही कधी हलला नाही, असं लोक म्हणायचे. असं म्हणायचे आणि सलामीच्या रविवारी त्याला दाराशीच ठेवायचे.

मी मोठी झाले, मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. माझं अक्षर बरं होतं, म्हणून यादी लिहायचं आणि वाचायचं काम हवालदाराने माझ्याकडे दिलं. त्याला स्वतःला वाचता यायचं, पण चष्मा लावून मंडळीसमोर उभं राहायची लाज वाटायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षं मी निमूट वाचलं. चौथ्या वर्षी माझ्याने राहवलं नाही. यादी संपली आणि मी कोणाला न विचारता खाली एक नाव जोडून वाचलं. माझ्या बाचं.

देवळात इतकी शांतता पसरली की मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज आला. बा उठला. "हाजिर" म्हणाला नाही. रिकाम्या हातांनी मधल्या वाटेने समोर आला. त्याचं चालणं तेच, जणू मागे कोणी डोली धरली आहे आणि त्याच्याशी पाऊल तोडून चालायचं आहे. कोणीतरी पोर खुदकन हसलं. बा माझ्यासमोर येऊन थांबला आणि फक्त मला ऐकू जाईल असं बोलला.

"अर्धी डोली वाचली तुनं, बाई. बाकीची अर्धी कोठी हाये?"

एवढं बोलून तो वळला आणि देवळाबाहेर निघून गेला. हवालदाराने माझ्या हातातली यादी ओढून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बापाचा मान करायला गेले होते आणि मंडळीसमोर त्याचं हसं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा अंगणात दवाखान्याच्या डोलीचं कापड टाके घालून नीट करत बसला होता. मी समोर जाऊन बसले. माझ्या मनात अपराधीपणा कमी आणि राग जास्त होता, हे कबूल करते.

"तुझं नाव वाचलं त्यात काय चुकलं माझं?" मी म्हणाले. "किती वर्षं दाराशी उभा राहशील?"

"माह्या नावाचं मले काय करायचं? मी जित्ता हाओ. त्याचं वाचा म्हणून राहिलो, तं कोणी ऐकत नाही."

मग त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्याच्या डोलीचं पुढचं टोक धरणारा जोडीदार दरेकशाच्या जंगलातला गोंड होता. दोघं एकाच गाडीने भरती होऊन गेले, एकाच तंबूत राहिले, एकाच डोलीला लागले. एकदा नदीकाठी एका जखमी शिपायाला घेऊन परतताना जोडीदाराला गोळी लागली. त्याने डोली टाकली नाही. गुडघे वाकवत वाकवत पुढचं टोक जमिनीवर टेकवलं, जखमीला हिसका बसू दिला नाही, आणि मग तो स्वतः पडला.

"आन् मग?" मी विचारलं.

"मग काय? डोली एकट्यानं उचलत नाही. शिपाई जित्ता होता. त्याले पाठीवर घेतलं आन् आलो. जोडीदार तेथीच राहिला. वापस गेलो तं ती जागा आपल्याकडे नोहोती."

बाच्या हातात सुई होती. ती कापडात घुसत नव्हती, तरी तो दाबत राहिला. दरवर्षी सलामीच्या रविवारच्या आठवडाभर आधी तो हवालदाराकडे जायचा, एक नाव वाचा म्हणायचा, आणि हवालदार नाही म्हणायचा. बारा वर्षं झाली होती. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या सकाळी मी ठरवलं, की ते नाव आमच्या देवळात वाचलं जाईल, मग मला मंडळीतून काढलं तरी चालेल.

पाळक त्या वेळी नगरकडचे होते. तरुण, सज्जन आणि भित्रे. त्यांनी प्रकरण पंचांपुढे ठेवलं. पंचांत हवालदार मुख्य. बायकांना बोलायची रीत नव्हती, म्हणून मी दारात उभी राहून बोलले.

"तो शिपाही नव्हता," हवालदार म्हणाला. "कहार था, डोली उठानेवाला. आणि ख्रिस्ती तर नव्हताच. देवळात कोणाची नावं वाचायची, बाजारातल्या सगळ्यांची?"

"जखमी उचलणाऱ्याचा आधी धर्म विचारा, असं शास्त्रात कुठल्या अध्यायात लिहिलंय, हवालदारकाका? मला दाखवा, मी गप्प बसते."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," हवालदार पाळकांकडे बघून म्हणाला. "मास्तरीण झाली म्हणजे पादरी झाली काय?"

पाळकांनी घसा साफ केला आणि पुढच्या वर्षी विचार करू म्हणाले. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, एवढं मलाही कळत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाला म्हटलं, दरेकशाला जाऊ. तो आधी नाही म्हणाला. जोडीदाराच्या बायकोला तोंड दाखवायची त्याची छाती होत नव्हती. लढाईहून आल्यापासून तो त्या बाजूच्या गाडीत कधी बसला नव्हता. मी एकटीच निघाले तेव्हा तो पायात वहाणा घालून मुकाट मागे आला.

दरेकशाचं स्टेशन म्हणजे डोंगराच्या कुशीत एक खोली आणि एक कंदील. तिथून पायवाटेने गाव. जोडीदाराची बायको मोहफुलं वाळत घालत होती. वय झालेलं, पण पाठ ताठ. बाने आपलं नाव-गाव सांगितलं तशी ती एकदम थांबली, मग म्हणाली, "तू मागचा काय?" नवऱ्याने कोणाकडून लिहून पाठवलेल्या पत्रात कधीतरी तिला सांगितलं असावं, की डोलीचं मागचं टोक धरणारा गोंदियाचा आहे. बाने मान हलवली.

तिने आम्हाला पाणी दिलं आणि एकच गोष्ट विचारली. "तो पडला, तवा त्याले कोणी उचललं?"

बा खोटं बोलू शकला असता. मी तर मनात म्हणत होते, बोल बाबा, बोल खोटं. तो म्हणाला, "कोणी नाही. मी एकटाच होतो. दुसरा जित्ता होता, त्याले नेलं."

ती पुन्हा मोहफुलं चाळायला लागली. नंतर म्हणाली, "मंग तो जगला काय, दुसरा?"

"जगला."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. बा तिथेच अंगणात तोंडावर उपरणं घेऊन रडला. माझ्या बापाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

निघताना दारातल्या वासराच्या गळ्यात मला काहीतरी चमकताना दिसलं. घंटीशेजारी दोरीत ओवलेला काशाचा बिल्ला. टपालाने आला होता, काय करायचं ते कळलं नाही, म्हणून बांधला, ती म्हणाली. मी तो पुसून बघितला. काठावर बारीक इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव कोरलेलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. ती हातातलं सूप खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आपल्या नवऱ्याचं नाव त्यावर आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही. मी तिला सांगून टाकलं, की येत्या नोव्हेंबरात आमच्या देवळात हे नाव सगळ्यांसमोर वाचतील, तुम्ही या, नवं पीक आणतात तसं काही घेऊन या. ती लगेच हो म्हणाली.

परतीच्या गाडीत बा माझ्यावर असा भडकला की शेजारची माणसं उठून दुसरीकडे बसली. "शबूद कायले देल्ला तुनं? ते बाई जंगलातून येईन, आन् हवालदार तिले दारातून काढीन. मंग कोनतं तोंड दाखवू मी?"  शब्द दिला होता आणि तो परत घ्यायचा माझा विचार नव्हता. 

पावसाळा अर्धा सरला तरी हवालदार हलेना. मी दोनदा त्याच्या घरी गेले, दोनदा त्याने मला चहा पाजून परत पाठवलं. मग भर पावसात, रोवणी आटोपायच्या दिवसांत, गोंदियाजवळच्या गोरेगावकडून एक गडी दवाखान्यात धावत आला. हवालदाराची गोरेगावच्या पलीकडे थोडी धानाची शेती होती. तिथल्या बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, तो घसरला होता आणि मांडीचं हाड मोडलं होतं. बैलगाडी चिखलात आत जात नव्हती.

बाने डोली घेतली. दवाखान्यातला दुसरा माणूस तापाने पडला होता. पाळक औषध न्यायला आले होते, त्यांनाच बाने धरलं. मी काही न विचारता छत्री घेऊन मागे निघाले. खरं सांगायचं तर हवालदाराचं हाड मोडलं हे ऐकून मला वाईट वाटलं नव्हतं. देव मला क्षमा करो.

आगगाडीने गोरेगाव, तिथून दीड कोस बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे धानाच्या शेतांमधल्या अरुंद बांधांवरून. हवालदार एका झोपडीत पडला होता, तोंड राखेसारखं झालेलं. बाने बांबूच्या कामट्यांनी पाय बांधला, त्याला डोलीत घेतलं, पाळकांना पुढचं टोक दिलं आणि दोन वाक्यांत विद्या शिकवली. "तुमी डावा, मी उजवा. माह्या पायाकडे पाहू नका, बस."

थोडं अंतर नीट गेलं. डोली अशी चालली होती की हवालदाराच्या छातीवर ठेवलेली त्याची टोपीसुद्धा हलत नव्हती. मग धुऱ्यावर पाळकांचा पाय घसरला आणि हवालदाराच्या अंगातली पलटण जागी झाली. डोलीत पडल्या पडल्या तो ओरडला, "कदम मिलाव! लेफ्ट! राइट! लेफ्ट!" पाळक आज्ञाधारक माणूस. त्यांचं पाऊल लगेच बाच्या पावलाशी जुळलं. डोलीने जो झोका घेतला, त्यासरशी हवालदाराने अशी किंकाळी फोडली की बांधीतले बगळे उडाले.

बा थांबला. पाऊस त्याच्या नाकावरून गळत होता. "हवालदारसायेब," तो म्हणाला, "तुमची कवायत बंद करा, नाही तं हेथीच ठेवून देतो. डोलीत हुकूम मागच्याचा ऱ्हायते."

हवालदार गप्प झाला. बाला बारा वर्षं नाही म्हणणारा माणूस पहिल्यांदाच त्याच्या हुकुमात आला. उरलेली वाट डोली पुन्हा सरळ गेली. स्टेशनजवळ आल्यावर त्याने डोळे न उघडता विचारलं, "वो तेरा पुढचा, तो पण असाच चालायचा?"

"माह्यापेक्षा चांगला," बा म्हणाला.

हवालदार दोन महिने दवाखान्यात पडून होता. रोज बा त्याला खाटेवरून उचलायचा, पुसायचा, परत ठेवायचा. दोघांत बोलणं फारसं झालं नाही. ऑक्टोबर संपता संपता हवालदाराने मला बोलावणं धाडलं. मी गेले तेव्हा काखेत कुबडी घेऊन तो बसला होता. माझ्यापुढे यादीचा कागद सरकवला.

"तो शिपाही नव्हता," तो म्हणाला. "हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण लिही."

मी लिहिलं. बिल्ल्यावरची अक्षरं मला पाठ होती. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, माझ्यासमोर पहिल्यांदाच चष्मा लावला आणि म्हणाला, "याच्या खाली तुझ्या बापाचं. दोन टोकं वेगळी करू नको."

मी निरोप धाडला होता, त्याप्रमाणे सलामीच्या रविवारी सकाळच्या गाडीने दरेकशाहून जोडीदाराची बायको आली. अंगावर धुतलेलं लुगडं, काखेत पेंढी. आमच्या सगळ्यांच्या पेंढ्या धानाच्या, तिची कोदोची, म्हणजे डोंगरी भरड धान्याची. डोंगरावर धान कुठलं? पेंढीच्या गाठीत तिने तो काशाचा बिल्ला बांधून आणला होता. बाने तिला शेवटच्या बाकावर आपल्याजवळ बसवलं. पंचांपैकी एकाने हवालदाराच्या कानाशी लागून काहीतरी म्हटलं. हवालदाराने कुबडी जमिनीवर आपटली, तसा तो माणूस जागेवर जाऊन बसला.

मी वाचायला सुरुवात केली. शिपायांची नावं झाली. हाजिर, हाजिर, बूट वाजले, पेंढ्या मेजाशी गेल्या. मग मी ते नाव वाचलं.

कोणी उत्तर दिलं नाही. ते बाने द्यायचं, असं ठरलं होतं. पण बाच्या तोंडून शब्द निघेना.  त्याचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.  हा क्षण असाच निसटून जाणार म्हणून मी घाबरले, आणि मला भयंकर रागही आला, बावर, देवळावर, सगळ्यांवर.

त्या बाईला आमची रीत ठाऊक नव्हती. सगळे गप्प का झाले म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव घेऊन कोणीतरी हाक मारली आहे आणि कोणी ओ देत नाही, एवढंच तिला कळलं. ती उभी राहिली.

"तो नाही जी," ती म्हणाली, स्पष्ट, माझ्याकडे बघत. "मी आली."

पहिल्या बाकावर हवालदार कुबडीवर जोर देऊन उठला. पाठोपाठ सगळा बाक उठला. मी बाचं नाव वाचलं, आणि आता मात्र त्याचा आवाज फुटला. "हाजिर."

हवालदाराने त्या दिवशी ताल दिला नाही. ती पुढे निघाली, कोदोची पेंढी दोन्ही हातांवर आडवी धरून, आणि तिच्या मागे बा. तिने डावा पाय टाकला तेव्हा त्याने उजवा टाकला.